क्रूझने न्यूझीलंड पाहताना

न्यूझीलंडमध्ये क्रूझचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असा असतो, आणि ऑकलंड किंवा सिडनीहून निघणारी जहाजे साधारण दहा-बारा दिवसांत दोन्ही मुख्य बेटांची बंदरे घेतात. आरक्षणाआधी व्हिसाचा हिशेब मांडावा. सिडनीहून निघून तिथेच परतायचे असेल, तर ऑस्ट्रेलियात पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा हवा. जहाज पकडण्यासाठी विमानाने ऑकलंडला उतरणाऱ्या भारतीयांना न्यूझीलंडचा पर्यटक व्हिसाही लागतो.

सामान भरताना खाऊपेक्षा बुटांकडे अधिक लक्ष द्यावे. सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट नेणार असाल, तर तळव्याच्या खाचांत वाळलेला चिखल जुन्या टूथब्रशने घासून काढावा, कारण तेथील जैवसुरक्षा तपासणी माती आणि बियांविषयी अत्यंत कडक आहे. नाश्त्याच्या टेबलावरून सहज पिशवीत टाकलेले सफरचंदही किनाऱ्यावर नेता येत नाही. ते न सांगता नेल्यास 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो.

बंदरात जहाज बहुधा सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते, म्हणून एका बंदरात एकच गोष्ट निवडावी. तौरंगाला बहुतेक लोक बसने रोटोरुआचे उष्ण पाण्याचे फवारे पाहायला जातात. ते पाहण्यासारखे आहेतच, पण दिवसाचा मोठा भाग रस्त्यात जातो. धक्क्याजवळच्या 232 मीटर उंच माउआओ डोंगराची समुद्रालगतची पायवाट मला अधिक समाधान देणारी वाटते. नेपियर 3 फेब्रुवारी 1931च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले आणि त्या काळच्या आर्ट डेको शैलीत पुन्हा उभे राहिले. तिथे पायी हिंडावे. ड्यूनेडिनहून जहाज निघताना मात्र केबिनमध्ये पडून राहू नये. बंदराच्या तोंडाशी, उजव्या हाताला, तैआरोआ हेड या भूशिरावर रॉयल अल्बट्रॉस पक्ष्यांची वसाहत आहे, आणि सुमारे तीन मीटर पंखविस्ताराचा हा पक्षी पंख न हलवता वाऱ्यावर तरंगताना डेकवरून फुकट दिसू शकतो.

या सफरीतला सर्वांत मोलाचा दिवस दक्षिण बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या फिओर्डलँडचा, आणि त्या दिवशी मोठी जहाजे सहसा किनाऱ्याला लागतच नाहीत. तिथली मिलफर्ड साउंड ही हिमनदीने कोरलेली सुमारे पंधरा किलोमीटरांची अरुंद खाडी आहे. जहाज आत जाऊन वळते आणि त्याच वाटेने परतते, त्यामुळे दोन्ही काठांचे कडे जहाजाच्या दोन्ही बाजूंना येऊन जातात आणि बाल्कनीच्या केबिनसाठी केवळ या दिवसापोटी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. पुढच्या उघड्या डेकवर पहाटेच जागा धरावी, अंगात वारा अडवणारे जाकीट असावे. पाऊस लागला तर हिरमुसू नये. इथे वर्षाला 6,000 मिलिमीटरहून अधिक, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा पाऊस पडतो, पण तो बाराही महिने विखुरलेला असतो. कोरड्या दिवशी स्टर्लिंग आणि बोवेन हे दोनच मोठे धबधबे ठळक दिसतात. सर आली की थोड्याच वेळात काळ्या कड्यांवरून शेकडो पांढऱ्या रेघा उतरू लागतात, त्यांतल्या काही वाऱ्याने उडून समुद्रापर्यंत पोहोचतही नाहीत.

सिडनीकडे जाणाऱ्यांनी मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच जवळ ठेवावी आणि ती खाडीत असतानाच घ्यावी. आतले पाणी शांत असते. टास्मान समुद्राची लाट जहाजाला खाडीच्या तोंडाशीच गाठते, आणि पुढे दोन दिवस जमीन दिसत नाही.