चढाईची बातमी आली की काय तपासायचं?

एखाद्या बड्या देशानं शेजाऱ्याच्या हद्दीत फौजा घातल्या की दोन दिवस नकाशे आणि लाल बाण यांचाच पाऊस पडतो. कामाचे प्रश्न मात्र दोनच असतात. हे आत्ताच का घुसले? आणि बाकीचे जे करताहेत त्यानं घुसणाऱ्याला काही फरक पडेल का? रशिया-युक्रेन प्रकरण समोर ठेवून ही तपासणी करू. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: सबब, कारण, मुहूर्त. प्रत्येक नोंदीपुढे तारीख हवीच, कारण तारीख नसली की सबबच कारण म्हणून खपते.

सबब लिहायला पाच मिनिटं पुरतात. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियानं पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या फुटीर भागांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. २४ तारखेला त्यांच्या रक्षणाचं नाव पुढे करून फौजा घातल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ५१चा, म्हणजे स्वसंरक्षणाचा, दाखला दिला. हे दाखवायचे दात असले तरी नोंद करा. घुसणाऱ्याला कायद्याचं पांघरूण कितपत लागतं, ते यावरून कळतं.

कारणांसाठी किमान चौदा वर्षं मागे जावं लागतं. एप्रिल २००८मध्ये बुखारेस्टला नाटोनं, म्हणजे अमेरिका आणि युरोपीय देशांच्या लष्करी युतीनं, जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील. कधी, ते सांगितलं नाही. म्हणजे रशिया डिवचला गेला आणि त्या दोघांना संरक्षणही मिळालं नाही. चारच महिन्यांत जॉर्जियात रशियाशी युद्ध झालं. मार्च २०१४मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया गिळला. तिथल्या सेवास्तोपोलच्या रशियन नौदल तळाचा करार २०४२पर्यंत वाढवून झालेला होता, तरीही. जुलै २०२१मध्ये पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक असल्याचा लांबलचक लेख लिहिला.

आता प्रत्येक कारण खोडून बघा: हे नसतं तर चढाई झाली असती का? ‘सगळं नाटोमुळे’ म्हणणाऱ्यांनी फिनलंडकडे पाहावं. रशियाला सुमारे १,३४० किलोमीटर सीमा भिडलेला हा देश ४ एप्रिल २०२३ला नाटोत गेला, आणि त्याच्यावर चढाई झाली नाही. पण हा पुरावा निर्भेळ नाही, कारण तेव्हा रशियाची फौज युक्रेनमध्येच अडकलेली होती. आमच्या मते नाटोची भीती खरी होती, पण ‘युक्रेन हा वेगळा देशच नाही’ ही समजूत तिच्याहून भारी ठरली.

मुहूर्ताच्या रकान्यात ‘स्वस्तात पडेल’ असं वाटायला लावणाऱ्या गोष्टी येतात. २०१४ची शिक्षा सौम्य होती, युरोपची सुमारे ४० टक्के गॅस-आयात रशियाकडून होत होती आणि मॉस्कोकडे ६०० अब्ज डॉलरहून अधिक गंगाजळी होती. इथे भाषणांपेक्षा रसद बघा. रणगाडे धाक दाखवायलाही आणतात, पण रक्ताचा साठा दीड महिन्याच्या आत वाया जातो. तो सीमेवर गेल्याची बातमी जानेवारीअखेर आली होती. १५ फेब्रुवारीला ‘काही तुकड्या परत चालल्या’ असं मॉस्कोनं सांगितलं, आणि बरेच जण तिथेच फसले.

आता तिऱ्हाईत. आधी बघा की घुसणाऱ्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार आहे का. इराकनं २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत घेतला, तेव्हा सुरक्षा परिषदेचा ठराव त्याच दिवशी झाला आणि नोव्हेंबरमध्ये बळाच्या वापरालाही परवानगी मिळाली. २५ फेब्रुवारी २०२२ला मात्र ११ मतं पडूनही रशियाच्या एका मतानं ठराव मेला. मग आमसभा: २ मार्चला बाजूनं १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. तटस्थ म्हणजे पाठिंबा असंही धरू नका. भारत तटस्थ राहिला, तेव्हा लष्कराची बरीचशी सामग्री रशियन होती आणि हजारो भारतीय विद्यार्थी खार्किव, सुमीत अडकलेले होते.

निर्बंधांत यादी वाचू नका, सवलती वाचा. पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले. हा घाव खरा होता, व्याजदर एका फटक्यात २० टक्क्यांवर न्यावा लागला. पण ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून रशियन बँका काढताना गाझप्रॉमबँक वगळली, कारण गॅसचे पैसे तिच्यातूनच जायचे. समुद्रमार्गे येणाऱ्या कच्च्या तेलावरची युरोपची बंदी ५ डिसेंबर २०२२ला लागू झाली, आणि तोवर चढ्या भावानं रशियाची तिजोरी भरत राहिली. रशियन तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत ठरल्यावर जुनी टँकर जहाजं मालकी लपवून फिरू लागली. भारताच्या तेल-आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आतून एक तृतीयांशापलीकडे गेला. त्याच युद्धानं आपल्याकडे सूर्यफूल तेलाचा डबा महागला होता, कारण ते मुख्यतः युक्रेनहून यायचं.

हमखास होणारी चूक म्हणजे रुबलवरून निकाल लावणं. मार्चमध्ये डॉलरला १२०च्या पुढे घसरलेला रुबल जूनपर्यंत साठच्या आत आला, आणि ‘निर्बंध फसले’ असा गलका झाला. खरं तर निर्यातदारांना ८० टक्के परकीय चलन विकायची सक्ती होती आणि आयात कोसळल्यानं डॉलरला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. सुट्या भागांअभावी रशियातले मोटार कारखाने बंद पडले होते; बघायचं ते तिथे.

शस्त्रांच्या बाबतीत घोषणा आणि पोच यांच्या तारखा शेजारी लिहा. एफ-१६ विमानांचा निर्णय ऑगस्ट २०२३चा, पहिली विमानं २०२४च्या उन्हाळ्यात. शिवाय पल्ला किती, दारूगोळा किती, आणि रशियाच्या हद्दीत मारायची मुभा आहे का, हेही विचारा.

मधल्यांना एका खणात कोंबू नका. तुर्कस्ताननं १९३६च्या माँत्रो कराराच्या आधारे काळ्या समुद्रात जाणाऱ्या सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद केल्या, युक्रेनला ड्रोन विकले, रशियावर निर्बंध लावले नाहीत, आणि युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर पडू देणारा जुलै २०२२चा करारही घडवून आणला.

वही मिटण्याआधी कॅलेंडरवर दोन खुणा करा: ३१ जानेवारी आणि ३१ जुलै. युरोपीय संघाच्या आर्थिक निर्बंधांची मुदत या तारखांना संपत असते आणि ती दर सहा महिन्यांनी एकमतानं वाढवावी लागते. तेव्हा कोणता देश अडून बसलाय आणि त्याला काय देऊन उठवलं, ते टिपून ठेवा.