एका टर्मिनलातून दुसऱ्या टर्मिनलला कमांड कशी द्यायची

एसएसएचची (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या प्रोग्रामची) की टाकलेली आहे आणि सर्व्हरवर टीमक्स, म्हणजे तुम्ही बाहेर पडलात तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम, आहे असं धरून चालतो. आमच्या देवगडात आषाढात लाइट गेली की वायफायही गेलं, मग पुण्यातल्या सर्व्हरवर चालू असलेलं काम मोबाइलच्या टर्मिनलातून हाकायचं. नुसतं नोहप (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारी कमांड) लावून सोडा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, त्याने काम मरत नाही हे खरं, पण मध्येच कामाने हो की नाही विचारलं तर उत्तर द्यायला जागाच नसते.

सर्व्हरवर टीमक्स न्यू -एस काम, यातलं काम हे सेशनचं, म्हणजे टीमक्समधल्या चालू टर्मिनलाचं, नाव. मग कंट्रोल-बी, सोडून डी. झालं, सेशन मागे चालू राहतं.

आता बाहेरून त्यात टाइप करायचं, त्याला सेंड-कीज. इथे माझी अख्खी रात्र गेलीय. मी एसएसएच सर्व्हर टीमक्स सेंड-कीज -टी काम, पुढे डबल कोटात डीएफ -एच (डिस्कवर किती जागा उरलीय ते दाखवणारी कमांड) आणि शेवटी एंटर असं दिलं, तर तिकडे उमटलं डीएफ-एच, मधली स्पेस गायब, कमांड नॉट फाउंड. मी नेटवर्कला दोष देत बसलो. खरं कारण असं की कोट तुमच्या इकडचाच शेल (टर्मिनलात टाइप केलेलं वाचून चालवणारा प्रोग्राम) खातो, एसएसएच उरलेले शब्द नुसते जोडून पलीकडे पाठवतं, तिकडचा शेल ते परत तोडतो, आणि सेंड-कीज सुटे शब्द स्पेस न सोडता एकामागे एक टाइप करतं. म्हणून टीमक्सपासून एंटरपर्यंत सगळं डबल कोटात घाला आणि आत फक्त डीएफ -एच सिंगल कोटात. एंटर मात्र आतल्या कोटाच्या बाहेरच हवा, नाहीतर कमांड एंटर या अक्षरांसकट नुसती लिहिली जाते आणि तशीच पडून राहते.

आणि न बघता कधीच पाठवू नका. आधी टीमक्स कॅप्चर-पेन -पी -टी काम देऊन पडद्यावर काय आहे ते वाचा. माझ्याकडून एकदा कॉन्फिग फाइल विम या एडिटरमध्ये उघडी राहिली होती, कमांडची अक्षरं थेट तिच्यात घुसली, आणि विमला प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूमच! पाठवल्यावरही पुन्हा कॅप्चर करा, कारण सेंड-कीज उत्तरासाठी थांबत नाही. अडकलेलं काम थांबवायला सेंड-कीजला सी-सी, म्हणजे कंट्रोल-सी, द्या, त्याला कोट लागत नाही. सेशनला काम आणि काम२ अशी नावंही देऊ नका, काम नावाचं सेशन बंद झालं असेल तर टीमक्स तशाच सुरुवातीचं दुसरं नाव शोधतं आणि कमांड भलतीकडेच जाते.

लाइट आली की लॅपटॉपवरून टीमक्स अटॅच -डी -टी काम. -डी लावलं की मोबाइलवरून जोडलेलं असेल ते सुटतं आणि स्क्रीन मोबाइलएवढी आखूड राहत नाही.