जुन्या बनियन-टॉवेलची घासणी घरीच शिवा, फक्त गुबगुबीत करू नका

फाटके बनियन, विटलेले टीशर्ट, कडा उसवलेले टॉवेल हे आता बोहारीण पण घेत नाही, तिला धडके कपडे लागतात, मग ते कपाटाच्या तळाशी पडून राहतात नाहीतर फरशीपुसणं होतात, पण एका घराला फरशीपुसणी लागून लागून किती लागणार. त्यातूनच भांड्यांची आणि ओट्याची घासणी मस्त होते. मशीन नसलं तरी चालतं, गोधडीला घालतो तो साधा धावदोरा येत असला म्हणजे झालं. बाजारातला पिवळा स्पंज म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, थोडा जुना झाला की त्याचे बारीक कण सुटायला लागतात आणि ते सगळे सिंकमधून जातात गटारात.

आधीच एक सांगते, व्हिडिओत दाखवतात तशी आत चिंध्या कोंबून छोटी उशी करू नका. दिसते गोड, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती आतून वाळतच नाही. तुम्ही ठाण्यात घोडबंदरला राहा नाहीतर नवी मुंबईत ऐरोलीला, खाडीची दमट हवा सगळीकडे तीच, त्यात ओट्याजवळची खिडकी डक्टमध्ये उघडणारी, मग काय, दोन दिवसात कुबट वास. घासणी चपटी हवी, सगळे थर दाबून धरले तर करंगळीपेक्षा जाड नकोत.

कापड कुठलं घ्यायचं ते बघायला पाण्याचा एक थेंब टाका. लगेच जिरला तर कॉटन, घ्या. मोत्यासारखा वर बसून राहिला तर पॉलिएस्टर जास्त आहे, ते पाणी पित नाही आणि ओटा पुसताना नुसतं पाणी पुढे ढकलत बसतं. लेगिंग्ज म्हणूनच नकोत. शिवाय ज्या कपड्यांना वर्षानुवर्षं कम्फर्टसारखं कपडे मऊ करायचं काही लावलंय ते पण पाणी नीट पीत नाहीत, आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून धुवून घ्या. बटणं, चेन, प्रिंटचा रबरी भाग कापून टाका.

आता खरी मजा घासायच्या बाजूची. यासाठी सगळ्यात भारी काय तर लहान मुलींच्या बर्थडे फ्रॉकच्या आत जी कडक जाळी असते ना, कॅनकॅन म्हणतात ती. मुलगी फ्रॉकमधून कधीच बाहेर आलेली असते, फ्रॉक टाकवत नाही आणि जाळी तर कोणीच वापरत नाही. तिचे तीन-चार पदर एकावर एक ठेवले की चिकटलेला भात, पोळीचं पीठ, चहाच्या भांड्याची कड सगळं निघतं आणि खरकटं जाळीत अडकत नाही, नळाखाली धरलं की जातं. ती नसेल तर गोणपाट, ठाण्यात जांभळी नाक्याला किराणा होलसेलवाल्यांकडे रिकामी गोणी विचारून बघा, पण गोणपाट ओलं राहिलं की कुजतं आणि त्याचे धागे सुटतात, म्हणजे ते धरायचं थोड्याच दिवसांचं. कांद्याची लाल जाळी सगळे सुचवतात, मला नाही पटत, ते प्लास्टिक झिजून बारीक तुस निघतात.

कापायचं माप १६ बाय ११ सेंटीमीटर, शिवून झाल्यावर साधारण १४ बाय ९ राहतं, हातात बरोबर बसतं. एक तुकडा टॉवेलचा, एक बनियनचा, आणि आत भरायला टीशर्टचे दोन तुकडे, बास. आधी जाळीचे पदर बनियनच्या तुकड्यावर ठेवून चारी बाजूंनी टाके घाला, जाळीची कड आत दुमडा नाहीतर बोटाला टोचत राहते. मग टॉवेल आणि ही जाळीची बाजू तोंडाला तोंड लावून ठेवा, एका कोपऱ्यात टीशर्टच्या पट्टीची नाडी दुमडून आतल्या बाजूला सरकवा, आतले दोन तुकडे वरून ठेवा आणि कडेपासून एक सेंटीमीटरवर शिवत या. चार बोटं जागा मोकळी सोडायची. कोपरे थोडे छाटून उलटं करा, मोकळी जागा हाताने शिवून टाका. शेवटी मधून आडवे-उभे दोन-दोन धावदोरे घाला, हे विसरू नका, नाहीतर पिळल्यावर आतलं कापड एका कोपऱ्यात गोळा होतं. मशीनवर करणार असाल तर १६ नंबरची सुई लावा, टॉवेलच्या शिवणीवर बारीक सुई हमखास मोडते.

शिवायचाच कंटाळा असेल तर टीशर्ट काखेखालून आडवा कापून त्याच्या दोन सेंटीमीटरच्या पट्ट्या काढा आणि ताणा, कडा आपोआप आत वळतात आणि जाड दोरा तयार होतो, मग ८ किंवा १० मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने गोल विणून टाकायचं. ओटा, शेगडी, बेसिनला छान आहे, पण भांड्यांना नाही, फार पाणी धरून ठेवतं.

नॉनस्टिक तव्याला टॉवेलची बाजू लावा. आणि जळलेल्या पातेल्याला ही घासणी पुरत नाही हे पण खरं, तिथे मावशी तारेची घासणीच मागणार आणि त्यांचं बरोबर आहे. तेलकट कढई आधी कागदाने पुसून घ्या, नाहीतर कापड कायमचं ओशट होतं.

एकावेळी तीन-चार शिवून ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. रात्री भांडी झाली की घट्ट पिळून नाडीने खिळ्याला अडकवायची, सिंकच्या कडेला ओली पडू द्यायची नाही. दोन-तीन दिवसांनी जुन्या पातेल्यात दहा मिनिटं उकळायची, मासे-मटणाच्या ताटल्या घासल्या असतील तर त्याच दिवशी. पावसात उकळून पिळून झाली की वरून इस्त्री फिरवा, पण टॉवेलच्या बाजूनेच, जाळीला इस्त्री लागली की ती वितळते. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो, घाबरू नका, धुवून उन्हात टाकली की दोन-तीन दिवसात उडतो.

टॉवेलचे दोरे झडून गुळगुळीत झाला किंवा उकळूनही वास राहिला की भांड्यांवरून काढायची. तिच्यावर काळ्या दोऱ्याचा एक मोठा टाका मारून ठेवा म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळतं ही आता बाथरूमची, आणि तिथेही फाटली की जाळी उसवून सुक्या कचऱ्यात.