तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक आधी मागा

मुलाच्या वेळी मी कॉलेजचं नाव बघितलं आणि फसले. बाहेरगावचं कॉलेज, रसायनशास्त्रासाठी नावाजलेलं. त्याला हवं होतं संख्याशास्त्र. एवढं मोठं नाव आहे म्हणजे बाकीचे विभागही बरे असणारच, असं मीच ठरवून टाकलं. यंदा धाकटीची बारावी झाली आणि तिलाही संख्याशास्त्रच हवंय. म्हणून ही तयारी.

जीकॅसचा (गुजरातमधल्या कॉलेजप्रवेशाचं सामाईक पोर्टल) अर्ज, दाखले, फोटो हे पोरं आपल्यापेक्षा नीट करतात. सोडा.

पहिलं काम म्हणजे तिसऱ्या वर्षाचं चालू वेळापत्रक बघणं. मागच्या वेळी मी हेच विसरले. माहितीपुस्तिका नव्हे, अभ्यासक्रमाची पीडीएफ नव्हे, भिंतीवर डकवलेला तो कागद. पहिल्या वर्षाचाही नको, तो सगळीकडे भरगच्च दिसतो. मुलाच्या पुस्तिकेत सहा ऐच्छिक विषय छापलेले होते. तिसऱ्या वर्षी चालला एक, तोही गणिताच्या सरांनी वेळ मारून नेत शिकवलेला. अभ्यासक्रमात विषय मंजूर असतो, पण शिकवणारा नसेल तर तो कागदावरच राहतो. वेळापत्रकात कोणते विषय खरोखर लागलेत ते बघा, शिक्षकांची आद्याक्षरं उतरवून घ्या आणि ती विभागाच्या यादीशी ताडून बघा. एकच आद्याक्षर पाच तासांना दिसलं, किंवा नावाच्या जागी नुसतं ‘व्हिजिटिंग’ लिहिलेलं असलं, की थेट विचारा: कायम किती, तासावर येणारे किती? संकोच करू नका. मी केला होता.

नॅक, म्हणजे कॉलेजं-विद्यापीठं तपासणारी राष्ट्रीय संस्था, तिची श्रेणी बघा, पण ती अख्ख्या संस्थेची असते. त्यात सगळ्या विभागांची खिचडी. त्यासाठी संस्थेने दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल वेबसाइटवर असतो, तो चाळा. अभियांत्रिकी असेल तर एनबीए या मंडळाची मान्यता शाखेनुसार मिळते, म्हणून तिथे आपल्या शाखेचं नाव शोधायचं. २०१६ पासून निघणाऱ्या एनआयआरएफच्या, म्हणजे सरकारी क्रमवारीच्या, याद्यांत विद्यापीठं, महाविद्यालयं, अभियांत्रिकी, कायदा अशा रांगा आहेत. संख्याशास्त्राची रांगच नाही. तेव्हा ‘आमचा नंबर अमुक’ असं कुणी सांगितलं की ऐकून घ्या आणि तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मागा.

विभागात पीएचडी होत असेल तर इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर प्रबंध सापडतात. विषय आणि वर्षं बघा, मार्गदर्शक अजून तिथेच आहेत का तेही. मात्र केवळ पदवीचं कॉलेज असेल तर इथे काही सापडणार नाही. त्यावरून त्याला नापास करू नका.

उलटंही घडतं, हे बडोदेकरांनी तरी विसरू नये. सयाजीराव विद्यापीठ म्हटलं की बाहेरचा माणूस फाइन आर्ट्स म्हणतो. पण रसायनशास्त्राचं २००९ चं नोबेल वाटून घेणाऱ्या तिघांतले वेंकटरमण रामकृष्णन १९७१ मध्ये इथूनच भौतिकशास्त्राचे बीएस्सी झाले. तेव्हा तिथे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचा भौतिकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम आणि जोडीला भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनची व्याख्यानं शिकवत होते. म्हणजे तेव्हाही बघायची गोष्ट हीच होती: वर्गात काय चाललंय. (माझ्या नणंदेला हे सांगितलं तर म्हणाली, ‘वहिनी, आपल्याला नोबेल नको, नोकरी पुरे.’ बरं.)

विद्यार्थ्यांना भेटायचं तर शेवटच्या वर्षाच्या, आणि आपल्याच विभागाच्या. गेटवर स्वागताला उभे केलेले नकोत. सेव-उसळ खाऊ घाला, बोलतात. ‘कॉलेज कसं आहे’ विचारलं तर ‘मस्त’ एवढंच येतं. ‘मागच्या आठवड्यात किती तास झाले?’ असं विचारा. पुढे एमएस्सीला किती जण गेले? आयआयटीत एमएस्सीला प्रवेश देणाऱ्या जॅम परीक्षेत संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो. तो कुणी दिला होता का?

ग्रंथालय: आपल्या विषयाच्या कपाटापाशी जा, नवी पुस्तकं आहेत का बघा. संगणक कक्ष: चालू आहे का, आर (संख्याशास्त्रात वापरतात ती संगणकभाषा) शिकवतात का. फी, वसतिगृह, बस ज्याचं त्याने बघावं, मी दमले.

आणि वेळापत्रकाचा फोटो काढलात तर तिथेच मोठा करून वाचा. गेल्या आठवड्यात माझा हललेला आला, आद्याक्षरं काही लागेनात. उद्या परत जायचंय.