फोटोची कलर झेरॉक्स चित्रकागदावर उतरवताना या चुका टाळा

चित्र फिकट उतरलं किंवा मध्येच भोकं पडली की दोष ते उतरवायला वापरलेल्या ॲक्रिलिक जेलला किंवा ॲसिटोनला (टोनर विरघळवणाऱ्या द्रवाला) दिला जातो. पण पुष्कळदा काम त्याआधीच, प्रत काढतानाच बिघडलेलं असतं.

प्रत टोनरचीच हवी, म्हणजे लेझर मशीनवर काढलेली. टोनर ही रंग मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक पूड. ती उष्णतेने वितळून कागदाच्या वरवर चिकटते, म्हणूनच पुढे दुसऱ्या कागदावर नेता येते. इंकजेटची शाई कागदात मुरते आणि बऱ्याचदा पाण्याने पसरते. ओल्या बोटाने कोपरा घासून पाहा: रंग पसरला तर ती इंकजेट. मात्र पसरला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, इंकजेटचीच पिग्मेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) पाण्याला सहसा दाद देत नाही. मशीन कोणतं, हे विचारूनच घ्या.

प्रत साध्या, पातळ कागदावर आणि आरशातल्यासारखी उलटी काढा, नाहीतर फोटोतल्या पाट्यांवरची अक्षरं उलटी येतील. फोटो अंधारा असेल तर आधी थोडा उजळून घ्या. पांढऱ्या भागावर टोनर नसतोच, तिथे खालच्या कागदाचा रंग दिसतो. त्यामुळे तपकिरी कागदावर उजळ चेहरेही तपकिरी होतात. चित्रकागद गुळगुळीत, हॉट प्रेस म्हणजे गरम दाबून सपाट केलेला घ्या. खडबडीत कागदाच्या खळग्यांत रंग पोचत नाही.

ॲसिटोनने उतरवताना हात सैल सुटतो, आणि तिथेच घात होतो. जास्त ओतलं की टोनर विरघळून वाहतो, कडा धूसर होतात. प्रत पालथी ठेवून एक बाजू टेपने पक्की करा. कापूस भिजवून पिळून घ्या, छोटा भाग ओला करा आणि चमच्याच्या पाठीने लगेच घोटा, कारण ॲसिटोन चटकन उडून जातं. मोकळा कोपरा उचलून बघता येतं, पण टेप काढायची घाई नको. प्रत जरा सरकली की चित्र दुहेरी दिसतं आणि ते सुधारता येत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. नायट्राइलचे हातमोजे ॲसिटोनपुढे फार वेळ टिकत नाहीत, ब्यूटाइल रबराचे चालतात.

ॲक्रिलिक जेलची पद्धत सौम्य आहे, मला तीच जास्त आवडते, पण ती धीर मागते. चित्रकागद भिजणार असल्याने तो 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) आसपासचा घ्या, पातळ कागद वेडावाकडा होतो. चित्रकागदावर जेलचा सारखा थर द्या, प्रत पालथी ठेवा आणि मधून कडेकडे हात फिरवत हवा बाहेर काढा. जिथे बुडबुडा राहील तिथे चित्राला भोक पडेल. मग रात्रभर सुकू द्या. वरून कोरडं वाटलं तरी आतलं जेल ओलं असतं, आणि अशा वेळी चोळलं की चित्रच सोलून निघतं.

सुकल्यावर प्रतीची पाठ स्पंजने ओली करा आणि बोटांनी हलकेच गोल चोळून कागदाचा लगदा काढा, नखं लावू नका. ओलं असताना चित्र स्वच्छ दिसतं, वाळल्यावर पांढुरकी साय परत येते. म्हणून पूर्ण वाळू द्या, पुन्हा ओलं करून चोळा, असं दोनतीनदा करा. एकाच बैठकीत सगळं काढायला गेलात तर चित्र फाटेल. शेवटी उरलेली अगदी पुसट साय जेलचा पातळ हात दिल्यावर बहुतेक नाहीशी होते. छोटी भोकं मात्र त्या हाताआधीच रंगीत पेन्सिलने भरून घ्या.