सिलिंडर निम्मा भरलेला, तरी हीटर बंद

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढली. पोरगा म्युनिकला असतो, त्यानं जुनी डिझेल कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतलीय. गेल्या डिसेंबरात तिच्यातनं ऑस्ट्रियाकडं निघालो आणि पहिल्याच रात्री हीटर विझला. सिलिंडर हलवून बघितला, तर निम्मा भरलेला! नात कुडकुडत होती. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी रेग्युलेटर, नळी, जेट सगळं खोलून बघितलं. दोष तिथं नव्हताच. सिलिंडरमध्ये ब्युटेन होता. तो उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो. त्याखाली सिलिंडरातनं बाहेर यायला पुरेसा दाबच धरत नाही, मग हीटरला मिळणार काय? प्रोपेन मात्र उणे 42 अंशांना उकळतो. पंचगंगेवर कितीही धुकं पडू दे, आपल्याकडं हा प्रश्न कधी येत नाही, म्हणून मला आधी सुचलं नाही. प्रोपेनचा सिलिंडर जोडला आणि हीटर लगेच पेटला.

मग टायर बघितले. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल, रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर लागतात, नक्षी किमान 4 मिमी. आमची 3 भरली. चारही बदलले, खर्चाकडं बघितलं नाही.

उन्हाळी डिझेल थंडीत मेण धरून फिल्टर तुंबवतं. टाकीतलं जुनं संपवून हिवाळी डिझेल भरलं. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून खाली बादली ठेवतो. पाणी गोठायचं तर बादलीत गोठू दे, पाइपात नको.