जुन्या मोटारीत ब्रेकचा लाल दिवा पेटल्यास

गाडी चालवताना ब्रेकचा लाल दिवा पेटला, तर गाडी कडेला थांबवून आधी पेडल दाबून पाहावे. ते नेहमीपेक्षा खोल जात असेल, मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, तर गाडी पुढे न चालवता टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी. पेडल घट्ट असेल, तर पुढची तपासणी स्वतः करता येते.

बहुतेक जुन्या गाड्यांत हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी या दोहोंसाठी एकच दिवा असतो. हँडब्रेकचा लिव्हर आणखी किंचित खाली दाबल्यावर दिवा विझला, तर त्याच्या बुडाशी असलेला स्विच नीट बसवणे एवढेच काम उरते. न विझल्यास गाडी सपाट जागी उभी करून बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी पाहावी. प्लॅस्टिक पिवळे पडले असेल, तर मागून बॅटरीचा उजेड धरावा. पातळी किमान रेषेच्या आसपास असली, की वळणावर किंवा चढावर ऑइल हिंदकळून दिवा लुकलुकतो.

येथे बहुतेक जण वरून ऑइल ओतून मोकळे होतात, आणि नेमके तेच टाळावे. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून जात नाही. पॅड (चाकाची तबकडी दाबून धरणारे ब्रेकचे तुकडे) झिजल्यामुळे त्यांना ढकलणारा पिस्टन पुढे सरकून त्यामागची जागा ऑइलने भरते, नाहीतर कोठेतरी गळती असते. पॅडचे अस्तर ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी राहिले असेल, तर पॅड बदलावेत. पिस्टन मागे ढकलताच पातळी बरीचशी आपोआप वर येते, आणि आधीच वरून भरलेले ऑइल त्या वेळी सांडून गाडीचा रंग उडवते. पॅड जाड असूनही पातळी खाली असेल, तर चाकांची आतली बाजू, होज पाइप (ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या) आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग) जेथे बूस्टरला, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला जोडलेला असतो ती जागा तपासावी. मागच्या व्हील सिलिंडरची (चाकातील ब्रेक दाबणाऱ्या भागाची) गळती त्यावरच्या ड्रममध्येच, म्हणजे गोल झाकणातच मुरते, त्यामुळे ड्रम उघडल्याशिवाय संशय फिटत नाही.

पातळी योग्य असूनही दिवा पेटलेला राहत असेल, तर डबीवरील वायरचा कनेक्टर काढून पाहावा. दिवा विझल्यास आतला तरंगता फ्लोट अडकलेला किंवा त्याचा स्विच बिघडलेला असतो.

दुरुस्तीनंतर भरायचे ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच, सीलबंद बाटलीतले घ्यावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापल्यावर अशा ऑइलची वाफ होऊन पेडल एकाएकी खाली जाते.